गर्भनिरोधक गोळी सुरू केल्यावर मधेच डाग पडतायत? आधी हे वाच

अगं घाबरू नकोस, पहिल्या २-३ पाकिटांत असं मधेच स्पॉटिंग होणं खूप कॉमन आहे, शरीराला नवीन हार्मोनची सवय होईपर्यंत गर्भाशयाचं आतलं अस्तर पातळ होत जातं आणि त्यातून थोडं थोडं रक्त येतं, याचा अर्थ गोळी काम करत नाहीये असा अजिबात नाही. आणि प्लीज, डाग दिसले म्हणून पाकीट अर्धवट सोडू नकोस, त्याने ब्लीडिंग अजून वाढतं आणि दिवस जायची भीती वेगळीच.

वेळ मात्र सांभाळ. तू सातपूरला शिफ्टमध्ये आहेस ना, मग शिफ्ट बदलली तरी बदलणार नाही अशी एकच वेळ धर आणि मोबाईलला अलार्म लाव, कारण गोळी चुकली की डाग पडायची शक्यता वाढते. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यायची. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांग, त्यांनी असर कमी होतो. सरकारी दवाखान्यातली माला-एन गोळी घेत असशील तर २१ गोळ्या हार्मोनच्या, उरलेल्या ७ लोहाच्या, त्या सात दिवसांत पाळी येते ती नेहमीचीच.

तीन महिन्यांनंतरही थांबलं नाही, किंवा तासाला पॅड भिजतंय, किंवा गोळ्या चुकल्यात आणि पाळीच आली नाही, तर सिव्हिलला किंवा तुझ्या डॉक्टरांना दाखव. पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, दम लागला किंवा अचानक भयंकर डोकं दुखलं तर त्याच दिवशी जा, रात्र असली तरी.