मॉर्फिनची तीच गोळी काही आठवड्यांनी कमी का पडते?

कॅन्सरच्या दुखण्यावर सुरू केलेला मॉर्फिनचा डोस नंतर पुरेनासा का होतो, असा तुमचा प्रश्न आहे. आधी एक सांगतो: दरवेळी दोष शरीराला औषधाची सवय होण्याचाच नसतो, गाठ वाढल्यानेही दुखणं वाढतं.

मॉर्फिन चेतापेशींवरच्या 'म्यू' रिसेप्टरला, म्हणजे रेणू धरणाऱ्या जागेला, चिकटतं. एरवी तिथे शरीराची स्वतःची वेदनाशामकं, एंडॉर्फिन्स, बसतात. मॉर्फिन चिकटलं की पेशीतलं सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) घटतं आणि दुखण्याचा निरोप मंदावतो. पण रोजच असा दाब पडला की पेशी गप्प बसत नाही. रिसेप्टरला फॉस्फेट जोडलं जातं, मग बीटा-अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन त्याची वाट अडवतं. शिवाय सायक्लिक एएमपी बनवणारी यंत्रणा दुप्पट जोमाने कामाला लागते, म्हणून तोच डोस कमी पडतो. औषध एकदम बंद केलं तर हीच यंत्रणा मोकाट सुटते: घाम, जुलाब, धडधड, बेचैनी.

गंमत म्हणजे आतडं फारसं सरावत नाही, त्यामुळे बद्धकोष्ठासाठी रेचक चालूच ठेवावं लागतं. आणि मध्ये खंड पडला असेल तर जुना डोस परस्पर सुरू करू नका. सवय तोवर उतरलेली असते, श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं.