गुडघेदुखीसाठी भांगेपासूनचे तेल द्यावे का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. आयुष्यभर निंदणी आणि कापूस वेचणी केल्यामुळे त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली असून ओट्याच्या पायऱ्या चढतानाही भिंतीचा आधार घ्यावा लागतो. हृदयाची झडप बदललेली असल्याने रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी चालू आहे आणि म्हणूनच डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या बंद केल्या आहेत. पुण्याच्या दिरांनी ‘सीबीडी’ (भांगेच्या झाडातले नशा न आणणारे द्रव्य) तेलाची बाटली पाठवली आहे. शेजारचे काका मात्र भांगेचा पाला तिळाच्या तेलात कढवून चोळायला सांगतात. काय करावे?
– एक वाचक भगिनी, चोपडा तालुका, जि. जळगाव

उत्तर : ताई, ती बाटली तूर्त उघडू नका. सासूबाईंच्या बाबतीत याचे पहिले कारण वॉर्फरिन हेच आहे. यकृतातील ज्या विकरांमुळे (एन्झाइम) वॉर्फरिनचा निचरा होतो, त्यांचेच काम सीबीडी मंदावते. परिणामी रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊन पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. बाटलीतले काही थेंब याआधीच दिले गेले असतील, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगून रक्त किती पातळ झाले आहे ते दाखवणारी पीटी-आयएनआर तपासणी लगेच करून घ्यावी. झडप बदललेल्या रुग्णाने वॉर्फरिन स्वतःहून कमी करणे किंवा थांबवणे तितकेच घातक आहे, हेही ध्यानात असू द्या.

आता या तेलाने गुण येतो का, ते पाहू. आपले शरीर स्वतःही भांगेतल्यासारखी द्रव्ये (कॅनाबिनॉइड) तयार करते आणि त्यांना प्रतिसाद देणारी पेशींवरची ग्रहणस्थाने (रिसेप्टर) सांध्याच्या अस्तरातही आढळली आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांत सीबीडीने सांध्यांची सूज कमी झाली, त्यामुळे संशोधकांना आशा वाटणे स्वाभाविक होते. माणसांवरील काळजीपूर्वक चाचण्यांनी मात्र ती फारशी टिकू दिली नाही. डेन्मार्कमध्ये हाताच्या सांध्यांची झीज किंवा सोरायसिसचा संधिवात असलेल्या रुग्णांना १२ आठवडे सीबीडी देण्यात आले. ऑस्ट्रियात गुडघ्याची झीज असलेल्यांना ८ आठवडे दररोज ६०० मिलिग्रॅम इतकी मोठी मात्रा देण्यात आली. दोन्ही ठिकाणी औषध नसलेल्या गोळीपेक्षा अधिक आराम पडला नाही. आमवाताच्या ५८ रुग्णांवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत वेदना आणि झोप यांत थोडी सुधारणा दिसली, परंतु त्यांना दिलेल्या तोंडात मारायच्या फवाऱ्यात सीबीडीबरोबर नशा आणणारे टीएचसीही होते. गुडघे डळमळीत असलेल्या वयस्क बाईला त्याने चक्कर आली, तर पडून खुब्याचे हाड मोडायला वेळ लागत नाही.

शिवाय लेबलवर लिहिलेले तेवढेच बाटलीत असेल याचीही खात्री नसते. अमेरिकेत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा जेमतेम ३१ टक्के उत्पादनांच्या लेबलवरचे प्रमाण बरोबर निघाले आणि काहींत टीएचसीही सापडले.

काकांचा हेतू चांगला आहे, पण पाल्याचे तेल चोळून गुडघा बरा होतो याला आधार नाही. चोळण्याने आणि शेकाने जो आराम पडतो, तो साध्या कोमट तिळाच्या तेलानेही पडेल. शिवाय गांजा आणि चरस १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात, तर भांगेचा पाला त्यातून वगळलेला असला तरी राज्याच्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येतो. शिरपूरकडच्या सातपुड्यात पोलिसांनी गांजाची शेती उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तेव्हा कोणाकडून पुडी आणण्याच्या फंदात पडू नका.

झिजलेल्या गुडघ्याला खरा आधार मांडीच्या स्नायूंचा असतो, असे मी कळकळीने सांगतो. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, मांडी घट्ट आवळून मनात पाच आकडे मोजावेत, सावकाश पाय खाली घ्यावा, मग दुसरा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा आणि झेपेल तसे वाढवत हे केले, तर काही आठवड्यांनी पायरी चढताना फरक जाणवू लागतो. वजन जास्त असल्यास ते उतरवावे. एक किलो कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. भाकरी थापायला ओटा, संडासासाठी कमोडची खुर्ची आणि हातात काठी, एवढी सोय घरात आधी करा. दुखऱ्या जागी लावायचे मलमसुद्धा वॉर्फरिनमुळे डॉक्टरांना विचारूनच वापरावे. व्यायाम नीट शिकण्यासाठी जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभागात दाखवता येईल.

गुडघा अचानक सुजून गरम झाला, ताप आला किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक राहू लागला, तर ती केवळ झीज नसू शकते. वॉर्फरिन घेणाऱ्यांत सांध्यात रक्त साचूनही अशी सूज येते, त्यामुळे अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.