बारवेतला गाळ कुणाच्या विषयात येतो?

प्रश्न : माझी मुलगी परभणीला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी आणि इतिहास घेऊन. पुढे कॉलेजात पर्यावरण शिकवायचं म्हणते. पाहुणे म्हणतात, ते सायन्सवाल्यांचं काम. घरी सहा एकर कोरडवाहू. दोन-चार वर्षं वाया गेली तर झेपणार नाही. काय करावं?
– एक पालक, ता. जिंतूर

उत्तर : नमस्कार. पाहुण्यांचं निम्मं खरं आहे. पर्यावरणशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा विज्ञानवाल्यांकडेच जाते, त्या रांगेत तिला उभं करू नका. पण १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचं शिक्षण सगळ्यांना द्या असं सांगितलं, पुढे पदवीला तो पेपर सक्तीचा झाला आणि कला शाखेची मुलंही तो देतात. बऱ्याच ठिकाणी ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात हा पेपर पडतो, मग गाइडमधल्या व्याख्या फळ्यावर उतरतात. (मी स्वतः असाच शिकलो. ओझोनचा थर पाठ होता, गावातला आड का आटला ते माहीत नव्हतं.)

तुमच्या मुलीची जागा इथे आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. किती लिटर आलं, ते विज्ञान सांगेल. पण टंचाईच्या मुलखात ऊस का वाढत गेला, टँकरवर पहिला हंडा कुणाचा लागतो, शाळा बुडवून रांगेत कोण उभं राहतं, हे इतिहासाचे आणि समाजाचे प्रश्न. तुमच्याच तालुक्यातल्या चारठाण्याला जुन्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या दगडी विहिरी, आहेत. शेजारी सेलू तालुक्यातल्या वालूरच्या बारवेतला गाळ गावकऱ्यांनी काढला. बारव कुणी बांधली, तिच्यावर कुणाला पाणी भरू देत आणि कुणाला नाही, नळ आल्यावर ती उकिरडा कशी झाली, हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. जुनी कागदपत्रं वाचता यावी लागतात आणि म्हाताऱ्या माणसांपाशी बसता यावं लागतं.

आता पोटापाण्याचं. एमए इतिहासात किंवा मराठीत करू द्या, ५५ टक्क्यांच्या खाली येऊ नका (राखीव प्रवर्गाला सवलत आहे). मग त्याच विषयात नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. नेटमधून जेआरएफ (संशोधन करताना दरमहा मिळणारी फेलोशिप) मिळाली तर पीएचडीचा खर्च घरावर येत नाही. संशोधनाचा विषय मात्र पाणी, दुष्काळ, स्थलांतर असा घ्यावा. म्हणजे नोकरी इतिहासाची आणि शिकवणं तिच्या मनातलं. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, तिथे ग्रामीण विकासाचे अभ्यासक्रम आहेत. त्यासाठी सीयुईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा द्यावी लागेल. तिथून निघालेल्यांना पाण्यावर, शेतीवर काम करणाऱ्या संस्थांत वाव असतो.

कायम प्राध्यापकाची जागा निघेल या भरवशावर मात्र राहू नका. नेट-सेट झालेली कितीतरी मुलं तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांपुरतं मानधन) वर्षानुवर्षं काढतायत, तेवढ्या पैशात घर चालत नाही. म्हणून एमएनंतर बीएड करून ठेवा. पीएचडीला फेलोशिप मिळाली तरच हात घाला.

तोवर एक काम तिला आत्ताच सांगा. घरात आजी असेल तर बहात्तरच्या दुकाळाचं तिच्याकडून ऐकून मोबाइलवर भरून घ्यावं : दुष्काळी कामांवर खडी फोडायला कुठे जात, तिथे सुकडी (मजुरांना मिळणारा कोरडा खाऊ) कशी वाटत, तांबडी मिलो (बाहेरून आलेली ज्वारी) खायला कशी लागायची. दहा घरांतलं असं जमलं की एमएच्या प्रबंधाचा विषय हातात आला. आणि एखाद्या रविवारी तिला गाडीवर चारठाण्याला तुम्हीच घेऊन जा. वाटेत बोलणंही होईल.