डांबरात लिग्निन मिसळल्याने रस्ता खरंच जास्त टिकतो का?

हो, पण उन्हाळ्यात. पावसाळी खड्ड्यांवर तो उपाय नाही. लाकूड, पेंढा यांतलं लिग्निन बिटुमेनला (आपण सर्रास डांबर म्हणतो ते) घट्ट करतं, त्यामुळे तापलेल्या रस्त्यावर जड ट्रकखाली चाकोऱ्या कमी पडतात. हवेने डांबर कडक होणंही ते काहीसं लांबवतं. नागपूरजवळ मनसरला राष्ट्रीय महामार्ग ४४ वर डिसेंबर २०२४ मध्ये अशा बायो-बिटुमेनचा पट्टा खुला झाला.

पाण्याने खडीवरून डांबर सुटतं, हे दुखणं वेगळं. तिथे डांबर खडीला धरून ठेवणारं अमाइनयुक्त (नायट्रोजन असलेलं) रसायन किंवा खडीच्या वजनाच्या साधारण १ ते २ टक्के विझवलेल्या चुन्याची पूड लागते. मात्र लिग्निन जास्त झालं, तर थंडीत भेगा पडण्याचा धोका वाढतो.