तलंगांना आत्ताच लेयर फीड नको

दिंडोरीकडच्या ताई, तुमच्या ग्रामप्रिया जातीच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, अकरा आठवड्यांच्या, आणि दुकानदार म्हणतो, ग्रोअर (वाढीच्या वयाचं खाद्य) संपलंय, लेयरच (अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य) न्या, अंडी लवकर धरतील. नका नेऊ. आमच्याकडे सिन्नर भागात एका दुकानदाराने हेच सांगून लेयरच्या गोण्या गळ्यात मारल्या होत्या.

ग्रोअरमध्ये कॅल्शियम साधारण १ टक्का, लेयरमध्ये ३.५ ते ४. अंड्यावरची कोंबडी ते कवचात घालवते. तलंगेला कवच करायचंच नसतं, म्हणून सगळा भार मूत्रपिंडावर येतो. आमच्या तलंगा आधी मलूल झाल्या, पाणी फार पिऊ लागल्या, विष्ठा पांढरी पातळ. मग मरू लागल्या. शवविच्छेदनात हृदयावर, यकृतावर चुना मारल्यासारखा थर. डॉक्टरांनी गाऊट सांगितला, म्हणजे मूत्रपिंड थकून युरिक आम्ल अंगात साठतं तो आजार. दुकानदार म्हणे, तुमची लस चुकली असेल! पावती समोर ठेवली तरी ढिम्म. वाचलेल्याही पुढे अंड्यावर आल्यावर मधूनच जायच्या. पक्षी घरच्या बाईमाणसांनी पिल्लापासून वाढवलेले असतात, त्यांना असा सल्ला देताना काहीच कसं वाटत नाही?

सोळा-सतरा आठवड्यांपर्यंत ग्रोअरच, प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास. अगदीच मिळालं नाही तर थोडे दिवस स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं खाद्य घाला. महाग पडेल, पण त्यात कॅल्शियम ग्रोअरइतकंच असतं. पुढे तुरे लाल होऊ लागले, पाठीवर हात ठेवताच पक्षी खाली बसू लागला, की प्री-लेयर, म्हणजे अंड्यांच्या तोंडावरचं खाद्य, कॅल्शियम २ ते २.५ टक्के. पहिल्या अंड्याआधीच्या दोनेक आठवड्यांत हाडांत साठा होतो, तो याच काळात. अंडी सुरू झाली की लेयर. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात, तोही तेव्हाच.

माझं मत विचाराल तर वयापेक्षा वजन बघा. दर आठवड्याला मूठभर पक्षी तोला आणि जातीच्या तक्त्याशी ताडा. वजन भरलं नसताना रात्री बल्ब लावून घाई केली तर अंडी बारीक येतात, अंग बाहेर येण्याचा त्रासही होतो.

घरी खाद्य भरडत असाल तर अवकाळीत भिजलेला मका स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. बुरशीचं विष यकृत खातं, आणि ते दळून-वाळवून जात नाही.

मी डॉक्टर नाही, आकडे जातीप्रमाणे थोडे हलतात. गोणीवरचं लेबल वाचा. लेबल नसेल तर गोणी घेऊ नका. आणि लेयर आधीच घातलं असेल तर आजच बंद करा, पाणी भरपूर ठेवा, एखादी मेलीच तर ताजी असतानाच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.