पॅरिसहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं फ्रान्समधलं छोटं, जुनं गाव कोणतं?

माझं उत्तर एकच: प्रोव्हँ. गार द लेस्त स्टेशनवरून पी लाइनची लोकल पकडा, साधारण दीड तासात शेवटचं स्टेशन येतं.

बाराव्या-तेराव्या शतकात शाम्पान्य प्रांताच्या मोठ्या व्यापारी जत्रा इथे भरायच्या. फ्लँडर्सचं कापड आणि इटलीहून आलेले मसाले इथे विकले जायचे. त्यामुळेच 2001 मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

स्टेशन खालच्या गावात आहे. तिथून चढ चढून वरच्या गावात गेलात की सेझार बुरूज दिसतो: खाली चौकोनी, वर अष्टकोनी. आतले जिने अरुंद आहेत, गुडघे दुखत असतील तर जपून. पण वरून लाकडी चौकटींची घरं, सें-किरियास चर्चचा घुमट आणि पलीकडे ब्री भागातली सपाट शेतं दिसतात, तेव्हा चढल्याचं चीज होतं. मग तटबंदीच्या कडेकडेने सें-झाँ वेशीपर्यंत नक्की चाला. मला सगळ्या गावात हाच भाग सर्वात आवडतो. जत्रेच्या काळात माल ठेवायची ग्रांज ओ दीम ही दगडी इमारतही बघा. गावाखालची भुयारं फक्त गाइडबरोबरच बघता येतात, म्हणून पोचल्यावर आधी त्याची वेळ विचारा.

हे गाव गुलाबांसाठीही प्रसिद्ध आहे. गुलाबपाकळ्यांचा मुरंबा घ्याच, आपल्या गुलकंदाच्या जवळचा वाटतो.

शनिवारी खालच्या गावात बाजार असतो, पण निवांत फिरायचं असेल तर मधला वार बरा. परतीच्या गाडीची वेळ मात्र आधीच बघून ठेवा.