हाड जुळलं, मग जोर का येईना?

"मॅडम, रिपोर्ट सगळे चांगले आलेत. डॉक्टर म्हणतात तुम्ही बरे झालात. मग अंगात जोर का येईना?"

लातूरमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मी सतत ऐकते. कुणी डेंग्यूतून उठलेलं असतं, कुणाची बायपास झालेली असते, कुणाचं हाड मोडलेलं असतं. दुखणी वेगळी, पण तक्रार तीच. हाडाचं दुखणं काढलेले लोक ती जास्त करतात, म्हणून त्यांच्यातल्याच एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव बदललं आहे.

मारुतीराव औसा तालुक्यातले शेतकरी. वय ५६. सोयाबीनच्या राशीच्या वेळी ट्रॉलीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत रॉड घातला. पाडव्याच्या सुमाराला एक्स-रे काढला तेव्हा हाड छान जुळलेलं होतं. सर्जन म्हणाले, काठी घेऊन चाला, मग हळूहळू काठीही सोडा. मारुतीराव मात्र बाजेवरून उठेनात. चहा बाजेवर, जेवण बाजेवर. "बाबांनी हाय खाल्लीय," असं म्हणत मुलगा त्यांना घेऊन आला.

पहिल्या भेटीत ते फारसं बोलले नाहीत. "जोर आला की लागतो की कामाला. जोरच नाही तर काय करावं?" एवढंच दोन-तीनदा म्हणाले.

जोर आराम केल्यानं येतो, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. अंगात ताप असताना ते ठीकच आहे. पण स्नायूंचा हिशेब निराळा असतो. धडधाकट वयस्कर माणसांना १० दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतले सुमारे १ किलो स्नायू झडले, असं एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. आजार नाही, मोडलेलं हाड नाही, तरी एवढी झीज. मारुतीराव तर कित्येक महिने पडून होते. त्यांचा जोर कुठे अडकून पडला नव्हता, तो रोज थोडा थोडा कमी होत होता, आणि ते मात्र तो यायची वाट बघत होते.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि घरी जाऊन पुन्हा बाजेवर पडले. माहिती देऊन माणूस उठत नाही. भीती कशाची आहे ते आधी शोधावं लागतं. म्हणून पुढच्या खेपेला विचारलं, "शेतात शेवटचं कधी गेलात?"

"येळवशीला."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या लातूर-धाराशिवकडे गावं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, पाहुणेरावळे.

"सगळं गाव रानात. म्या एकट्यानं घरी कसं बसावं? गेलो काठी टेकीत. बांधानं फिरलो, चार माणसात बसलो. दुसऱ्या दिवशी पाय असा ठणकला की वाटलं, आतला रॉड हलला. तवाच ठरविलं, आता जपूनच ऱ्हायचं."

"रॉड हलला असं डॉक्टर म्हणाले?"

"त्यांला कशाला इचारू? माझं मलाच कळलं की."

गाठ इथे होती. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारानं काम करते. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याविषयी आपण स्वतःला जे सांगतो त्यानं माणूस जास्त खचतो, हे त्यांचं म्हणणं मला आपल्या माणसांत पदोपदी दिसतं. पाय दुखला हे खरंच होतं. कित्येक आठवडे बसून असलेल्या पायावर दिवसभर रान तुडवलं तर धडधाकट माणसाचाही पाय दुखेल. 'रॉड हलला' ही भर मारुतीरावांची. त्या भरीपायी त्यांनी चालणं सोडलं, न चालल्यानं पाय आणखी बारीक झाला, आणि बारीक झालेला पाय बघून त्यांची खात्रीच पटली की आत काहीतरी बिघडलंय.

मुलाला म्हटलं, हा प्रश्न असाच्या असा सर्जनपुढे ठेवा. त्यांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावून दाखवला. रॉड जागेवरच होता. मारुतीरावांच्या जिवावरचं ओझं उतरलं, पण उठायचं धाडस काही होईना.

त्यानंतरच्या भेटीला त्यांच्या बायकोही आल्या. "ह्यांच्या हातात पाण्याचा तांब्यासुदीक मीच देते," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती, सेवेचा अभिमानच होता. उन्हात बसनं आल्या होत्या, पदरानं तोंड पुसत होत्या. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात माठ आहे. मी मारुतीरावांना म्हटलं, "वहिनींना तहान लागलेली दिसतेय. पाणी देता का?"

वहिनी लगेच उठायला लागल्या. मी हातानं थांबवलं. मारुतीरावांनी एकदा माझ्याकडे, एकदा माठाकडे पाहिलं. खुर्चीचे हात धरले, श्वास रोखला आणि उठले. पहिली दोन पावलं पायाकडे बघत टाकली. माठाशी गेल्यावर मात्र एका हातात काठी, एका हातात पेला, मग ओगराळं धरायचं कशानं? क्षणभर घुटमळले, काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी पेला भरला. पाणी सांडू नये म्हणून नजर पेल्यावर ठेवून परत आले. काठी तिथेच राहिली.

वहिनी पेला हातात घेऊन म्हणाल्या, "तीस वर्सं झाली लग्नाला. पयल्यांदाच दिलं बगा पाणी." आम्ही तिघंही हसलो. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"पाय दुखला का?" मी विचारलं.

मारुतीराव विचारात पडले. "ध्यानच नव्हतं."

मी पुढे काही बोलले नाही. ते त्यांचं त्यांना ऐकू येऊ दिलं. पायावर पहारा असला की पाय दुखतो, आणि कुणासाठी काही करायचं असलं की तोच पाय चालतो. माझ्या दहा भेटींतलं बोलणं जिथे पोचलं नसतं, तिथे तो पेला पोचला. तो त्यांच्या हाती द्यायचं मला सुचलं, याचं आजही समाधान वाटतं.

पुढचं काम सरळ होतं. फिजिओथेरपिस्टनं व्यायाम ठरवून दिले. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दिवसातून थोड्या थोड्या वेळा. चालण्याचा रतीब आम्ही मिळून बांधला: ऊन चढायच्या आत दारापासून पारापर्यंत आणि परत. बरं वाटलं म्हणून जास्त नाही, कंटाळा आला म्हणून कमी नाही. आठवडा नीट गेला की थोडं वाढवायचं. येळवशीसारखं एका दिवसात सगळं भरून काढायला गेलं की पुढचे चार दिवस वाया जातात आणि भीती पुन्हा डोकं काढते.

जेवणाचंही बोलावं लागलं. डाळ वातूळ म्हणून बंद, अंडी उष्ण म्हणून बंद, आणि 'हलकं' म्हणून साबुदाणा. साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं. दुखण्यातून उठणाऱ्या उतारवयातल्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. भाकरीबरोबर तुरीचं घट्ट वरण, पिठलं, दही, शेंगदाण्याची चटणी, चालत असेल तर अंडी, हे सगळं आपल्या घरातच असतं.

मारुतीराव आता शेतात जातात. थोडी लंगड राहिली आहे आणि ट्रॉलीवर ते चढत नाहीत. पण सोयाबीन पेरायचं की तूर, हे पुन्हा तेच ठरवतात.

घरच्यांना माझं सांगणं आहे, जपा, पण उठून करता येण्यासारखी कामं त्यांच्या हातून काढून घेऊ नका. डॉक्टरांना नेमकं विचारा: पायावर किती भार द्यायचा, कोणतं दुखणं सोसायचं आणि कोणतं दिसताच यायचं. पोटरी सुजून लाल झाली, दम लागला, ताप आला, जखमेतून पू आला किंवा एकाएकी पाय टेकवेना झाला, तर थांबू नका. आणि माणूस दोन आठवड्यांहून जास्त गप्प गप्प असेल, झोप-जेवण उडालं असेल, 'जगून काय करू' असं बोलत असेल, तर ते दुखण्याचं वैतागलेपण समजून सोडून देऊ नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.